काचेचा कोट

१

टेबलाला काहीच झालं नव्हतं. पोलादाचं टेबल ते, त्याला कसलं दुःख! वर तांबूस राखेचा डाग पसरला होता आणि डागाच्या काठाशी मुठीएवढी एकच जागा चकचकीत राहिली होती. तिथे एक कोपर टेकलं होतं. त्या कोपराच्या पुढचा हात आता इस्पितळात होता, पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून उशीवर ठेवलेला.

निरीक्षक बाई त्या चकचकीत जागेकडे बघत राहिल्या आणि त्यांची कानशिलं तापली. कारखान्यांतले अपघात तपासणं हे त्यांचं काम. कचेरीत त्यांना समोर 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'फणकारा'. त्यांना दोन्ही चालत असे.

"तुम्हाला उगाच त्रास पडला," थोरले म्हणाले. या घरच्या कारखान्याचे ते प्रमुख. दारावर पाटी त्यांची, पाटीवर पदवी त्यांची. "साधी गोष्ट आहे. माझ्या धाकट्या भावाची बायको, आमच्या घरची धाकटी सून. तिनं उघडी बरणी उचलली. घाई, दुसरं काय! बायकांचं चित्त एका ठिकाणी असतंय कुठे?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. थोरल्यांनी घसा साफ केला.

घराचा धंदा असा. विहिरींच्या पाण्यातलं विष खाऊन टाकणारी लोखंडाची पूड हे लोक बनवत. पूड म्हणजे कशी, तर धुराहून बारीक. लोखंड इतकं बारीक झालं की त्याच्या अंगी धीर उरत नाही. वारा लागला की ते पेट घेतं. म्हणून धाकटी सून एकेका कणावर काचेचा पातळ कोट चढवायची. लेकराला थंडीत पाठवताना आई जशी शेवटचं बटण लावते, तशी. कोट चढलेली पूड हवेत शांत बसे, आणि विहिरीत उतरली की कोटाच्या सूक्ष्म भोकांतून हळूहळू आपलं काम करी. घरात दोनच शब्द होते. उघडी पूड आणि कोटवाली पूड. उघडी राहायची काचेच्या बंद पेटीत. पेटीत हवेऐवजी आर्गॉन, म्हणजे काहीही पेटू न देणारा वायू, आणि बाहेरून हात घालायला लांब रबरी हातमोजे. कोटवाली राहायची साध्या फळीवर.

"ही बघा कोटवाली," थोरल्यांनी फळीवरची बरणी दाखवली. झाकणावर धाकटीची खूण होती. "जशीच्या तशी आहे. मग टेबलावर पेटली ती कोणती? उघडीच की. ती बाहेर काढायचा अधिकार तिला होता, अक्कल मात्र…" त्यांनी हात झटकले.

ते झटकलेले हात बाईंच्या लक्षात राहिले. धडधाकट, स्वच्छ, नखं कापलेले हात.

"तिच्याशी बोलते," बाई म्हणाल्या.

"काय बोलणार? तिनं कबूलच केलंय."

२

इस्पितळाच्या खोलीत धाकटी भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाईंनी ओळख सांगितली तेव्हा ती वळली. भुवया जळून गेल्या होत्या, त्यामुळे चेहरा सतत काहीतरी विचारत असल्यासारखा दिसत होता.

"माझंच चुकलं का हो?" तिनं पहिलं हेच विचारलं.

"तू सांग."

"मी फळीवरून आणून ठेवलेली बरणी उचलली होती. माझी खूण होती तिच्यावर. पण थोरले दीर, आमचे दादा, म्हणतात, तुला भास झाला, तू उघडीच घेतलीस. म्हणाले, बाई येतील, त्यांना तसं सांगून टाक, पुढचं मी निस्तरतो. मग तुझा कामाचा परवाना गेला तरी घरात बसून राहशील, उपाशी काय मरणार आहेस!" तिनं पट्ट्यांकडे पाहिलं. "एवढी शिकलेली माणसं म्हणतायत तर असेलही. माझं मलाच आता पटेनासं झालंय."

बाईंच्या कपाळाची शीर उडायला लागली. हात गेले ते गेले. आता हिची आठवणही हिच्याकडून काढून घ्यायला निघालेत.

"बाई," धाकटी ओशाळून म्हणाली, "एक काम करता? नाकाला खाज सुटलीय. केव्हापासून."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि तिच्या नाकाचा शेंडा हळूच खाजवला. धाकटीनं डोळे मिटले. दोन थेंब कानांकडे ओघळले.

"तळहातावर का घेतलीस पूड?"

"आमच्याकडची पद्धतच आहे ती. पाहुणे आले की कोटवाली पूड उघड्या तळहातावर ओतून दाखवायची. बघा, पेटत नाही. नेहमी दादाच घेतात. टाळ्या पडतात. त्या दिवशी मात्र म्हणाले, कोट तुझा, मान तुझा, आज तू दाखव." तिच्या ओठांवर किंचित हसू आलं, ओल्या काडीवर ठिणगी यावी तसं, आणि विझलं. "लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा म्हणाले तसं."

"पूड दिसायला कशी होती?"

"छान होती. सरसर आली." धाकटी थांबली. "एरवी गाठी असतात. कोटवाल्या पुडीला गाठी धरतातच. चमच्यानं हलकेच मोडायच्या असतात. खलात घालायची नाही कधी. मी सगळ्यांना बजावून ठेवलंय. अंड्याचं कवच आहे ते, खलात कोणी अंडी घालतं का?"

"मग सरसर आली कशी?"

धाकटीच्या न उरलेल्या भुवया वर गेल्या.

"पेटीची किल्ली कोणाकोणाकडे असते?"

"माझ्याकडे एक, दादांकडे एक. माझी त्या पर्समध्ये आहे. घ्या."

३

धाकटीचा नवरा भट्टी सांभाळायचा. घरात आणि कारखान्यात त्याला भट्टीवालाच म्हणत. तो आवारात, भट्टीचा कच्चा माल दळायच्या चक्कीजवळ, पायरीवर बसला होता. उजव्या हाताची बोटं बांधलेली.

"तुमची बोटं कशानं भाजली?"

"झाकण लावलं. बरणी पडली, आतून जाळ येत होता, मी झाकण घट्ट दाबून बसवलं. भट्टीवर हीच सवय. हवा तोडायची." तो खाली बघत होता. "आधी तिला ओढायला हवं होतं. आधी झाकणाकडे गेलो."

"म्हणजे बरणीत पूड शिल्लक आहे?"

"असेल थोडी. झाकण कोणी उघडलेलं नाही."

"आणि तुम्हाला काय वाटतं? बायकोनं चुकीची बरणी घेतली?"

त्यानं चक्कीचा पट्टा उगाच ओढून पाहिला. "दादा म्हणतो तर…"

"दादाचं दादाला विचारीन! मी तुम्हाला विचारतेय." बाईंचा आवाज चढला. "ती तिकडे पडलीय, स्वतःचं नाक खाजवता येत नाही तिला. आणि तुम्ही इथे बसून दादा काय म्हणतो ते ऐकताय!"

भट्टीवाल्याचा चेहरा पडला. मग तो उठला आणि ती झाकणबंद बरणी घेऊन पेटीच्या खोलीकडे चालू लागला.

बाईंनी अपघातातली बरणी पेटीत ठेवली, हवा काढून आर्गॉन भरू दिला, रबरी हातमोज्यांत कोपरापर्यंत हात घातले आणि झाकण फिरवलं. तळाशी काळी पूड होती. न जळलेली. चिमूटभर उचलून त्यांनी एका नळीत घातली, फळीवरच्या बरणीतली चिमूटभर दुसरीत. दोन्हींत पातळ ॲसिड ओतलं.

"ही तुमच्याच घरातली चाचणी ना?"

"हो. कोट असला की ॲसिडला भोकांतून आत शिरायला वेळ लागतो, पूड बराच वेळ गप्प बसते. कोट नसला की ॲसिड लोखंडाला भिडतं, बुडबुडे येतात."

फळीवरची पूड गप्प बसली. दुसरी नळी फसफसायला लागली. साखळीनं बुडबुडे वर धावत सुटले.

भट्टीवाल्यानं भिंतीला पाठ टेकली. "म्हणजे कोट नव्हताच," तो म्हणाला. "उघडीच होती ती. तिनंच घेतली."

बाई फसफसणाऱ्या नळीकडे बघत राहिल्या. चाचणी त्यांनी स्वतः केली होती, आणि ती धाकटीच्या विरुद्ध गेली होती.

४

रागाच्या भरात बाईंनी नळ्या तशाच पेटीत सोडल्या आणि नणंदेला गाठलं. ही दोन्ही भावांची बहीण. गिऱ्हाइकं, पाहुणे, चहापाणी सगळं तिच्याकडे. बोलायला लागली की नळ सोडल्यासारखी.

"मी म्हणतच होते, कधीतरी असं होणार. पण माझं ऐकतंय कोण! मागच्या खेपेला पाहुण्यांनी तोंडावर सांगितलं, तुमच्या पुडीत गाठी आहेत, पंपाच्या जाळीत अडकतात. मी दादाला सांगितलं, धाकटीला सांगितलं. धाकटी म्हणते, ताई, गाठी राहू देत, कोट महत्त्वाचा. अगं पण गिऱ्हाईक कोट बघतंय का? ते बघतंय पूड वाहते की नाही."

"दादा काय म्हणाले?"

"दादा म्हणाला, बघतो मी. त्याचं नेहमीचं. आणि बरं का, या खेपेला खरंच काय सुरेख वाहत होती! मीच चकित झाले."

"कोणती?"

"पाहुण्यांसाठीची हो. बरणी मीच टेबलावर नेऊन ठेवली ना."

बाईंच्या हातातला कप बशीवर आपटला. "कुठून आणलीत?"

"फळीवरून. दोन्ही तिथेच होत्या."

"दोन्ही?"

"मग! एकदा कोट चढवला की मी एका घाण्याच्या दोन बरण्या भरते. एक पाहुण्यांना दाखवायची, एक आपल्याकडे ठेवायची. झाकणावर धाकटीची खूण दोन्हींवर. एक पेटली, एक राहिली." ती थबकली. बोलण्याच्या ओघात आपण काय बोलून गेलो ते तिच्या लक्षात आलं, आणि तिचा हात तोंडावर गेला. "पण… दादा तर म्हणाला उघडी…"

बाई उठून पेटीकडे धावल्या.

फसफस थांबली होती. लोखंड ॲसिडात विरून गेलं होतं, पाणी फिक्कट हिरवं झालं होतं. आणि नळीच्या तळाशी पांढरा गाळ बसला होता. मऊ, धुकट, कापूस पिंजल्यासारखा.

बाई वाकल्या. लोखंड काळं असतं आणि ॲसिडात संपतं. उघड्या पुडीमागे काही म्हणता काही उरायला नको होतं. हे पांढरं काय उरलं?

उरली होती काच. आतलं लोखंड गेलेले, रिकामे, लक्षावधी काचेचे कोट.

५

बाईंनी तिघांना पेटीच्या खोलीत बोलावलं. आता दोनाऐवजी तीन नळ्या ओळीत उभ्या होत्या.

"धाकटीनं चूक केली नाही," त्या म्हणाल्या. "बरणी कोटवालीच होती. हे तिचे कोट तळाशी बसलेत. बघा."

थोरले पुढे झाले. चष्मा काढला, पुसला, लावला. "म्हणजे तिचा कोट कच्चा होता. मी तेच म्हणत आलोय. निष्काळजीपणा."

"एकाच घाण्याची दुसरी बरणी ॲसिडात गप्प बसलीय. कोट कच्चा असता तर दोन्ही फसफसल्या असत्या. कोट पक्का होता. नंतर कोणीतरी तो फोडला. गाठी मोडायला पूड कुटली."

भट्टीवाल्यानं नळीवर वाकून पाहिलं.

"कोणी कुटली? ताईंना गाठी नको होत्या, पण पेटीची किल्ली त्यांच्याकडे नाही. भट्टीवाल्यांची चक्की उघड्या आवारात आहे. तिथे कोट फुटला असता तर चक्कीच पेटली असती. धाकटीकडे किल्ली आहे; पण आपण कुटलेली पूड कोण शहाणी बाई स्वतःच्या तळहातावर ओतून घेईल?" बाई वळल्या. "राहिलं कोण?"

"हा निव्वळ तर्क आहे," थोरले म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, तो शांतपणा बाईंच्या डोक्यात गेला.

"पेटीत खल आहे."

"उघड्या पुडीसाठी. नेहमीच असतो."

"हो का? तिसरी नळी बघा. त्या खलाच्या बुडाशी चिकटलेली धूळ आहे तिच्यात. ॲसिड घातलं, लोखंड विरलं. तळाशी काय आहे ते तुम्हीच वाचा, पदवी तुमची आहे."

तळाशी पांढरा गाळ होता.

नणंद मटकन खुर्चीवर बसली. भट्टीवाला भावाकडे बघत होता, पहिल्यांदाच बघावं तसा.

"ऐका माझं," थोरले बोलू लागले, आणि आता शब्द एकमेकांवर पडत होते. "मला काय हौस होती? माल परत येत होता. मी अंदाजानं नाही केलं. कुटल्यावर पेटीत थोडी थोडी हवा सोडली. उघड्या कणावर गंजाची पातळ साय धरते, तोही एक कोटच असतो, हे कोणीही सांगेल. चिमूटभर बाहेर काढून पाहिली. पेटली नाही! मला वाटलं, झालं काम."

"चिमूट पेटत नाही म्हणून ओंजळ पेटत नाही?"

"शास्त्रात थोडा धोका…"

"थांबा." बाईंचा आवाज इतका खाली आला की नणंदेनं मान वर केली. "कवच फुटणार नाही असं वाटत असतं तर तुम्ही पूड या टेबलावर कुटली असती, खिडकी उघडी ठेवून. तुम्ही ती कुलूपबंद पेटीत नेलीत. म्हणजे फुटणार हे तुम्हाला ठाऊक होतं. नंतर सायीवर भरवसा ठेवलात म्हणता. ठीक आहे, तेही मानते. मग एवढंच सांगा. वर्षानुवर्षं पाहुण्यांपुढे हात तुम्ही धरत होता, टाळ्या तुम्ही घेत होता. भरवसा होता, तर त्या दिवशी हात मागे का घेतलात?"

थोरल्यांनी ते धडधाकट, स्वच्छ हात पाठीमागे नेले. मुद्दाम नव्हे, आपसूक.

"मान दिला म्हणालात तिला," बाई म्हणाल्या. "मान!"

तेवढ्यात भट्टीवाल्यानं फळीवरची बरणी काढली. बाई अडवायला पुढे झाल्या आणि थांबल्या. त्यानं डावा हात पसरला, बांधलेल्या बोटांनी बरणी वाकडी केली. गाठी गाठी काळी पूड त्याच्या तळव्यावर पडली. पडली आणि बसली. झोपलेल्या मांजरासारखी गप्प.

"दादा, हा बघ तिचा कोट," तो म्हणाला. "तू म्हणालास आणि मी मान डोलावली. तिच्या तोंडावर डोलावली."

६

दुसऱ्या दिवशी बाई इस्पितळात पोचल्या तेव्हा नणंद त्यांच्या आधीच तिथे होती. रडून डोळे सुजलेले, हातात रुमालाचा बोळा.

"अगं धाकटे, दादाचं चुकलं, मी नाही कुठे म्हणतेय? पण बाहेर गेलं तर पाटी उतरेल गं. घरातलं घरात राहू दे. एवढं ऐक माझं."

धाकटी छताकडे बघत होती. आदल्या संध्याकाळीच येऊन बाईंनी तिला सगळं सांगितलं होतं, मोजक्या शब्दांत, नळ्यांसकट. ती रडली नाही, हसली नाही. ऐकताना तिच्या मानेच्या शिरा मात्र हळूहळू ताठ होत गेल्या होत्या, जमिनीखालून मूळ वर यावं तशा.

"ताई," ती म्हणाली, "माझे हातसुद्धा घरातलेच होते."

नणंदेनं रुमाल तोंडावर धरला आणि ती बाहेर गेली. बाहेरच्या बाकावर भट्टीवाला बसला होता. आत यायची त्याची छाती झाली नव्हती.

"बाई, मी इथे पडल्या पडल्या काय करत होते ठाऊक आहे?" धाकटी म्हणाली. "माझ्याविरुद्ध पुरावे शोधत होते. त्या दिवशी जेवले नव्हते म्हणून चक्कर आली असेल. नवऱ्याशी वाद झाला होता म्हणून लक्ष नसेल. एकेक आठवण काढायची आणि तिच्यात स्वतःलाच दोषी धरायचं. कातडी भाजली ती वेगळी. हे भाजणं त्यांनी बसून, शांतपणे, पाणी पाजता पाजता केलं. चमच्यानं पाणी पाजत होते मला, आणि म्हणत होते, तुला भास झाला."

बाईंचा राग आता त्यांच्या एकटीचा राहिला नव्हता. खोलीत दोघींचा मिळून एकच होता, आणि तो धाकटीच्या आवाजात जास्त शोभत होता.

"जबाब आज द्यायलाच हवा असं नाही," त्या म्हणाल्या. "बरं वाटल्यावरही चालेल."

"नको. बरं वाटल्यावर मी समजूतदार होईन. मला ओळखते मी. दादांचं वय आठवेल, ताईंचं रडणं आठवेल. राग आहे तोवर लिहा."

बाईंनी पेन उघडलं. धाकटी सांगत गेली. कोट कसा चढवायचा, किती पातळ, गाठी का धरतात, खल का वर्ज्य. मग तो दिवस. तळहात पुढे केला तेव्हा खिडकीतून ऊन येत होतं. पाहुण्यांतलं कोणीतरी खोकलं. दादा खोलीतल्या काचेच्या भिंतीपलीकडे जाऊन उभे राहिले. तेव्हा तिला त्याचं काहीच वाटलं नाही. आता प्रत्येक शब्दाबरोबर तिला ते काचेपलीकडे जाणं पुन्हा दिसत होतं, आणि ती डोळे मिटत नव्हती. कुठेही अडखळली नाही. एकदाही 'बहुतेक' म्हणाली नाही.

सांगून संपलं तेव्हा ती दमली होती. पट्ट्यांतले हात उशीवर जड पडले होते.

"सही?" बाईंनी विचारलं आणि जीभ चावली.

"सहीचं बघू. अंगठा तरी कुठे उरलाय!" धाकटी म्हणाली, आणि तिच्या तोंडून हसण्यासारखा एक कोरडा आवाज निघाला. मग तिनं मान दाराकडे वळवली. बाहेरच्या बाकावरचे दोन जोडे फटीतून दिसत होते, एक बायकी, एक पुरुषी.

"आधी वाचून दाखवा," ती म्हणाली. "मोठ्यानं. आणि ते दार सताड उघडा."